शेतकरी भावाला मुलगी मिळत नाही: एजंटाला दोन लाख देण्याआधी

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे बाकीच्या वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. भाऊ 32 वर्षांचा, बी.ए. झालेला, निर्व्यसनी. सांगलीच्या तासगाव तालुक्यात चार एकर रान, त्यात अडीच एकर द्राक्षबाग, दारात दोन गाई. चार वर्षं स्थळं बघताय, कुठं जमत नाही. आता एक एजंट दोन लाखांत बाहेरच्या जिल्ह्यातली मुलगी 'आठ दिवसांत उभी करतो' म्हणतोय. आईचं म्हणणं वेगळं: पोरानं पुण्याला एखाद्या कंपनीत लागावं, लग्न उरकावं आणि मग परत यावं. यातलं काय करावं, असं तुम्ही विचारलंय.

माझं मत सरळ सांगते. दोन्ही करू नका. का, ते खाली सविस्तर लिहिलंय.

मुलगी कुठून आणायची हा प्रश्न नंतरचा. त्याआधी दोन गोष्टी बघायला हव्यात. आलेल्या स्थळांपैकी किती आपणच दारातून परत पाठवली? आणि जी उरली, त्या मुलींनी आपल्या घरात काय बघून नाही म्हटलं? काही गोष्टी तुमच्या लिहिण्यात नाहीत आणि उत्तर त्यांवरही ठरतं. सातबारा कुणाच्या नावावर आहे, बागेवर कर्ज किती आहे, घरात अजून कोण राहतं, पत्रिका किती कडक बघता. आणि भावाच्या मनात कुणी आहे का, हेही. हसू नका. जातीबाहेरची किंवा घटस्फोटित मुलगी मनात असते, आईला सांगायचं धाडस होत नाही म्हणून मुलगा दहा स्थळांना 'पसंत नाही' म्हणत राहतो. बहिणीनं एकटं बसवून विचारलं तर तो बोलतो. पहिलं काम हेच करा.

आता आकड्यांकडे. 2001 च्या जनगणनेत 0 ते 6 वयोगटात सांगली जिल्ह्यात 1000 मुलग्यांमागे 851 मुली होत्या. साताऱ्यात 878, कोल्हापुरात 839. ही लेकरं 1995 ते 2001 च्या दरम्यान जन्मलेली, म्हणजे आज ज्या वयाच्या मुली तुम्ही भावासाठी बघताय नेमकी तीच. दर सात मुलग्यांमागे एक मुलगी कमी, असा साधारण हिशेब. गर्भलिंग निदानाविरुद्ध महाराष्ट्रानं 1988 मध्येच कायदा केला, देशाचा कायदा 1994 मध्ये आला, तरी 2017 मध्ये मिरज तालुक्यातल्या म्हैसाळला 19 भ्रूण सापडले. ज्या लेकी जन्मालाच येऊ दिल्या नाहीत, त्यांच्या जागा आज प्रत्येक गावच्या बायोडाट्याच्या गठ्ठ्यात रिकाम्या दिसतात. आपल्या भागानं हे स्वतःच्या हातानं केलं, हे मान्य केल्याशिवाय पुढचं बोलणं खरं होत नाही.

पण सातात एक कमी, एवढ्यानं चार वर्षं स्थळ जमत नाही असं होत नाही. उरलेलं ओझं शेतकरी मुलग्यांवर जास्त पडतं, कारण आपल्याकडे मुलगी स्वतःपेक्षा शिक्षणानं, पैशानं थोड्या वरच्या घरात द्यायची रीत आहे. मुलगी लग्नानं वर सरकू शकते. मुलगा रान उचलून कुठं नेणार? त्यात आता मुली शिकल्या. तुमच्याच गावातल्या मुली बी.एस्सी., डी.फार्म., नर्सिंग करून बसल्यात आणि त्यांच्या बरोबरीचे मुलगे बारावी किंवा बी.ए. वर थांबून बागेत उतरलेत. मुलीच्या बापाला जमीन हवी असते, अडीनडीला आधार म्हणून. पण महिन्याच्या महिन्याला पगारही हवा असतो. 'शेती पाहिजे, पण शेतात राबणारा नको' हे ऐकायला वाईट वाटतं. तरी तुमचं लग्न ठरताना तुमच्या वडिलांनी मुलाकडच्यांना काय काय विचारलं होतं, ते एकदा आठवा. आज दुसऱ्या घरचा बाप तेच विचारतोय.

आणखी एक बदल फारसा कुणी बोलत नाही. पूर्वी आपल्याकडच्या सोयरिकी पै-पाहुण्यांतून जमायच्या. मानववंशशास्त्रज्ञ इरावती कर्वे यांनी दाखवून दिलंय की महाराष्ट्र हा उत्तरेच्या आणि दक्षिणेच्या नातेपद्धतींचा सांधा आहे, आणि मामाची मुलगी करण्याची आपल्याकडची चाल त्याच सांध्यातली. चार-पाच भावंडांच्या घरात मुलाला दोन आत्या, दोन मामा, मावश्या असायच्या, आणि प्रत्येकीचं सासर म्हणजे स्थळांचा एक वेगळा मुलूख. मधे बोलणारा माणूस दोन्ही घरांना जामीन असायचा. आता दोन लेकरांच्या घरात आत्या असते तर मामा नसतो. त्या जागी व्हॉट्सॲपचे वधू-वर ग्रुप आले. तिथं पाचशे बायोडाटे असतात, पण एकाही घराबद्दल 'मी ओळखतो, द्या मुलगी' म्हणणारं कुणी नसतं. एजंट शिरतो तो ह्याच पोकळीत. त्याला बाहेर ठेवायचा तर पोकळी आपण भरायची, आणि त्यासाठी तुम्ही स्वतः सगळ्यात योग्य आहात. तुमचं सासर, नणंदांची सासरं, जावांची माहेरं. शिवाय गावातल्या दूध संस्थेचा सचिव, बचत गटाची अध्यक्ष, निवृत्त शिक्षक अशी दोन-तीन माणसं, ज्यांचा शब्द बाहेर चालतो. ग्रुपवर शंभर ठिकाणी बायोडाटा टाकण्यापेक्षा अशा पाच माणसांच्या हातात तो द्या.

आता आपणच परत पाठवलेल्या स्थळांबद्दल. पत्रिकेचा हिशेब एकदा कागदावर करा. नाड्या तीन, म्हणून एकनाडी नको म्हटलं की शंभरातली साधारण तेहतीस स्थळं तिथंच गेली. मंगळ पहिल्या, चौथ्या, सातव्या, आठव्या किंवा बाराव्या स्थानी असला की मंगळ धरतात, म्हणजे बारातली पाच स्थानं. एकाला मंगळ आहे आणि दुसऱ्याला नाही, असं जवळजवळ निम्म्या जोड्यांत निघतं. दोन्ही अटी काटेकोर लावल्या की शंभरातली चौतीस उरतात, आणि अजून शिक्षण, उंची, रंग, कूळ काहीच बघितलेलं नाही. त्यात 'शहाण्णवकुळीच पाहिजे', 'वय 25 च्या आत', 'गोरी', 'एकुलती नको' जोडा. शंभरातून दोन-तीन हाताला लागतात आणि त्यांनी आपल्याला हो म्हणायचं असतं. पत्रिका मानायची की नाही हा तुमच्या घरचा प्रश्न. पण एवढीच गोष्ट पक्की धरायची असेल तर बाकीच्या चाळण्या सैल करा.

वयाची अट आधी सोडा, असं मी प्रत्येक घराला सांगते. 32 च्या मुलाला 24 ची मुलगी बघायला गेलात की तिथं 27-28 चे नोकरदार मुलगे आधीच रांगेत असतात. 28 ते 33 मध्ये बघा. ह्या वयाच्या मुली कमी आहेत, पण ज्या आहेत त्यांनी जग बघितलंय आणि त्या 'हो' विचार करून म्हणतात. घटस्फोटित आणि विधवा मुलींचाही विचार मोकळ्या मनानं करा. शेजारच्या शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं 2022 मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, तेव्हा आपल्या भागात ह्यावर उघड बोलणं सुरू झालं. त्यांची स्थळं अजून 'आपल्या मुलाचं पहिलं लग्न आहे' म्हणून परत जातात, आणि ह्यात मला फार वाईट वाटतं, कारण त्यातली कितीतरी घरं दोन्हीकडून चांगली असतात. घटस्फोटित मुलगी असेल तर न्यायालयाच्या हुकूमनाम्याची प्रमाणित प्रत बघा आणि अपिलाची मुदत उरली आहे का ते वकिलाकडून समजून घ्या. गावच्या पंचांसमोर झालेली फारकतीची चिठ्ठी म्हणजे घटस्फोट धरू नका. तिला लेकरू असेल तर ते कुठं राहणार, शाळा कुठली, नाव कुणाचं, हे सुपारी फुटण्याआधी बोला. 'नंतर बघू' म्हटलेली ही गोष्ट पहिल्याच वर्षात भांडणाचं मूळ होते.

आता घराकडे येऊ, कारण माझ्या मते खरी गाठ इथं आहे. मुलगी 'शेतकरी नको' म्हणते तेव्हा तिच्या डोळ्यांसमोर बहुतेक वेळा शेतकरी नसतोच. तिच्यासमोर असतो तिच्या आईचा दिवस. पहाटे पाचला उठून गोठा, शेणघाण, धारा, मग नाष्टा आणि डबे, मग बागेत. एप्रिलमध्ये खरड छाटणी, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये फळछाटणी, मग विरळणी, डिपिंग (घड औषधात बुडवणं), काढणी. माणसं लावली तरी त्यांचा चहा आणि जेवण घरच्या बाईकडेच. एवढं राबून हातात पैसा सासऱ्यांच्या परवानगीनं. तिला कामाची भीती नाही. आपल्या कामाची कुठंच नोंद नाही, ह्याचा तिला धसका आहे.

म्हणून बघायच्या कार्यक्रमाआधी चौघांनी, म्हणजे आई, वडील, भाऊ आणि तुम्ही, बसून काही गोष्टी ठरवा. नवीन जोडप्याची खोली कुठली, तिला आतून कडी आहे का, संडास-बाथरूम घराला लागून आहे की परसात. ते नसेल तर मांडवाच्या आधी ह्याला पैसे काढा. ही एक गोष्ट बघून मुली परत जातात, आणि मुलाकडच्यांना कारण कधीच कळत नाही, कारण लाजेनं कुणी सांगत नाही. गोठा कोण बघणार? नव्या सुनेच्या अंगावर पहिल्या दिवसापासून धारा टाकणार असाल तर तसं सांगा, नसाल तर तेही सांगा. तिला नोकरी करायची असेल तर तासगाव, सांगली, पलूसला जायला कुठली एसटी, किती वाजता, आणि ती कामावर गेल्यावर दुपारचा स्वयंपाक कोण करणार, इथपर्यंत बोला. 'आमची काही हरकत नाही' ह्या वाक्याला मुलीकडचे आता भुलत नाहीत.

पैशाचं एक सोपं काम सांगते. दुधाचं बिल आपल्याकडे बहुतेक संस्था दर दहा दिवसांनी काढतात. दोन गाईंचं मिळून रोजचं 20 लिटर दूध धरलं आणि लिटरला 30 रुपये धरले, तर दहा दिवसांचे 6000 होतात. पेंड, चारा, डॉक्टर वजा करून जे राहील ते राहो, पण संस्थेत सभासद म्हणून सुनेचं नाव लावायचं आणि बिल तिच्या खात्यावर जमा करायचं, हे आजच ठरवा. खर्चही तीच बघेल. ज्या घरानं हे आधीच ठरवलंय, त्या घराची बोलणी वेगळ्या पातळीवर होतात. मुलीच्या बापाला पगाराऐवजी दुसरं काहीतरी पक्कं दिसतं.

जमिनीचंही तसंच. चार एकर 'आमची' म्हणता, पण सातबारा आजोबांच्या नावावर असेल, चुलत्यांशी वाटणी झालेली नसेल, तर समोरचा माणूस तलाठ्याकडून किंवा ऑनलाइन पाहून आलेला असतो. आधी वारसनोंद आणि फेरफार पूर्ण करा. भावाच्या नावावर हिस्सा आला की लग्नानंतर लक्ष्मी मुक्ती योजनेखाली बायकोचं नाव सहहिस्सेदार म्हणून लावता येतं. ही सोय 1992 पासून आहे, तलाठ्याकडे अर्ज करायचा. आणि ताई, जमीन वडिलोपार्जित असेल तर तिच्यात मुलगी म्हणून तुमचाही हक्क असतो. तो 'सोडून दे' म्हणून घरात दबाव येत असेल तर तो प्रश्न वेगळा आणि मोठा आहे. पण जे घर लेकीचं नाव पुसतं, तिथं आपल्या मुलीचं नाव लागेल यावर समोरच्या बापानं विश्वास कसा ठेवावा?

आता बायोडाटा. 'अपेक्षा: अनुरूप, सुशील, गृहकृत्यदक्ष' हे काढून टाका, त्यातून कुणालाही काही कळत नाही. एक पान पुरे. स्वतःच्या नावावर किती रान, पाणी कशाचं (ताकारी, टेंभू, म्हैसाळ यांपैकी एखाद्या उपसा सिंचन योजनेचं, की विहीर-बोअर), बाग कधी लावलेली, माल मार्केटला जातो की बेदाणा करता, मागच्या तीन वर्षांचं खर्च जाऊन उत्पन्न, सोसायटीचं आणि बँकेचं कर्ज किती. तीन वर्षं लिहायला सांगते, कारण द्राक्षात एक वर्ष अवकाळीनं जातं आणि एक वर्ष चांगलं निघतं. चांगल्या वर्षाचा एकच आकडा लिहिणाऱ्यावर द्राक्षपट्ट्यातला माणूस विश्वास ठेवत नाही. कर्ज लपवू नका. पीककर्ज प्रत्येकाला असतं. साखरपुड्यानंतर कळलेलं कर्ज मात्र लग्न मोडतं. फोटो दोन ठेवा, त्यातला एक बागेतला.

आईच्या पुण्याच्या बेताबद्दल. चाकण, रांजणगावला कंत्राटी कामावर 18-20 हजार मिळतील असं धरा. खोलीभाडं, खाणं, गाडी जाऊन हातात फारसं राहत नाही, आणि इकडे बागेची माणसं बघायला वडील एकटे. तरी हा बेत नको म्हणण्याचं मोठं कारण दुसरं आहे. 'नोकरदार' म्हणून लग्न केलं आणि सहा महिन्यांत गावाला आणलं, तर ती मुलगी फसवली गेली आहे. कौटुंबिक वादांत 'लग्नाआधी सांगितलं एक, निघालं दुसरं' ही तक्रार वारंवार येते आणि तिथून माघारी फिरणं अवघड असतं. भावाला मनापासून शहरात राहायचं असेल तर जाऊ दे, तो निर्णय चांगलाच. नाटक म्हणून नको.

आणि एजंट. ह्यात दोन प्रकार घडतात. एक, पैसे आणि दागिने घेऊन मुलगी आठ-पंधरा दिवसांत जाते. आधार कार्ड खोटं, 'मामा' आणि 'मावशी' भाड्याचे. दोन, आणि हा जास्त भयंकर: मुलगी खरी असते, गरीब घरची असते आणि तिलाच विकलेलं असतं. कधी ती 18 ची पण नसते. 2006 च्या बालविवाह प्रतिबंधक कायद्याखाली अल्पवयीन मुलीशी लग्न करणाऱ्या प्रौढ नवऱ्याला आणि ते लावून देणाऱ्यांना दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो, पॉक्सोचे (मुलांच्या लैंगिक शोषणाविरुद्धच्या कायद्याचे) गुन्हे वेगळे. दोन लाख देऊन आणलेल्या माणसाला घरात कुणी माणूस म्हणून वागवत नाही, हेही मनात धरा. ती माहेरी जाते म्हणाली की 'पैसे मोजलेत' हे तोंडात येतंच.

बाहेरच्या जिल्ह्यातली, बाहेरच्या राज्यातलीही मुलगी चालते. खानापूर, आटपाडीची गलाई (सोनं-चांदी गाळून शुद्ध करण्याच्या) व्यवसायातली माणसं देशभर राहतात, त्यांच्या ओळखीनं लांबची चांगली स्थळं जमू शकतात. फक्त रीत पाळा. मुलीच्या गावी तुम्ही स्वतः आणि आई जा, दोन दिवस. पोलीस पाटील, शेजारी, शाळा, सगळीकडे विचारा. जन्मतारखेसाठी आधारवर थांबू नका, शाळा सोडल्याचा दाखला बघा. मुलीशी बाईमाणसानं एकटीनं, घरच्यांना बाहेर ठेवून बोला: तुला कुठं नेतायत ते माहीत आहे का, मुलगा काय करतो ते माहीत आहे का, कुणी पैसे घेतलेत का. मध्यस्थ 'मंडळ' चालवत असेल तर नोंदणी क्रमांक मागा. महाराष्ट्राच्या 1998 च्या कायद्याखाली विवाह मंडळांना नोंदणी लागते. रोख काहीच देऊ नका.

आणि देवळात दोन दिवसांत लग्न लावण्याऐवजी 1954 च्या विशेष विवाह कायद्याखाली नोंदणी विवाह धरा. विवाह अधिकाऱ्याकडे दोघांनी नोटीस द्यायची, त्यानंतर 30 दिवस थांबायचं, मग तीन साक्षीदारांसमोर सही. भाऊ सांगली जिल्ह्यातला रहिवासी असल्यानं नोटीस इथंच देता येते. ह्या 30 दिवसांतच खरंखोटं बाहेर येतं. फसवणारी टोळी महिनाभर थांबत नाही, आणि प्रामाणिक घर थांबायला नाराज होत नाही. तुमच्या एजंटाला एवढंच सांगा की आम्ही आधी मुलीच्या गावी येणार आणि नोटिशीनं लग्न करणार. त्याचं उत्तर काय येतं ते बघा. मुलगी लहान आहे किंवा जबरदस्तीनं आणली आहे असं वाटलं तर 1098 (चाइल्डलाइन) किंवा 112 (पोलीस) ला फोन करा, गप्प बसू नका.

लग्न पारंपरिक पद्धतीनं केलंत तरी 90 दिवसांच्या आत ग्रामपंचायतीत विवाह नोंदणी करून घ्या. खर्चासाठी बागेवर नवीन कर्ज काढू नका. जुन्या सातारा जिल्ह्यात, ज्यात तेव्हा आपला भागही होता, 1940 च्या दशकात क्रांतिसिंह नाना पाटलांच्या प्रतिसरकारनं कमी खर्चाचे 'गांधी विवाह' गावोगाव लावले होते. हुंडा, मानपान काही नाही म्हणून आधीच सांगून टाका. द्यायचा-घ्यायचा दोन्ही गुन्हा 1961 पासून आहेच, पण 'आम्हाला काही नको, फक्त मुलीची हौस करा' हे वाक्यही बोलू नका. त्याचा अर्थ सगळ्यांना कळतो.

वेळापत्रक असं धरा. फळछाटणीपासून काढणी संपेपर्यंत भाऊ बागेतून हलू शकत नाही आणि घाईत केलेल्या भेटी वाया जातात. खरड छाटणी उरकली की जून ते ऑगस्ट त्याला थोडी उसंत असते. चातुर्मासात लग्नं लागत नाहीत, पण बघणं-बोलणं ह्याच काळात निवांत होतं. तोवर सातबारा, संडास-बाथरूम, दूध संस्थेत सुनेचं नाव लावायचा निर्णय ही तीन कामं पूर्ण करून नवीन बायोडाटा त्या पाच माणसांच्या हातात पोचवा. मुलामुलीला निदान तीन वेळा भेटू द्या, त्यातली एक भेट आपल्या घरी, कामाच्या दिवशी. तारीख मग काढणी झाल्यावर एप्रिल-मेची धरा.